वारा १.२

लांब उडीच्या धावपट्टीच्या कडेला एक छोटंसं यंत्र उभं असतं. उडी घेण्याच्या फळीपासून २० मीटर अलीकडे, पट्टीपासून दोन मीटरच्या आत आणि जमिनीपासून १.२२ मीटर उंच. त्याच्याकडे कुणी बघत नाही. बघण्यासारखं त्यात काही नसतंही. धावत आलेला खेळाडू फळीपासून ४० मीटरवरच्या खुणेशी पोचला की ते जागं होतं आणि पाच सेकंद वारा मोजतं. पाठीमागचा वारा सेकंदाला २ मीटरपेक्षा जास्त वेगाने वाहत असेल, तर उडी त्या स्पर्धेपुरती खरी धरतात, तिच्यावर पदकही देतात. विक्रमांच्या वहीत मात्र ती चढत नाही.

२९ जुलै १९९५ या दिवशी इटलीतल्या सेस्त्रिएरे गावी या यंत्राच्या पुढ्यात एक माणूस उभा राहिला.

सेस्त्रिएरे हे आल्प्समधलं बर्फाचं गाव, समुद्रसपाटीपासून २,०३५ मीटर उंचावरचं. फियाट मोटारींच्या आन्येली घराण्याने १९३०च्या दशकात तिथे दोन गोल मनोरे बांधून हॉटेलं थाटली आणि हौशी श्रीमंत मंडळी स्की करायला येऊ लागली. उन्हाळ्यात बर्फ वितळलं की गावाला काम उरत नाही. मग तिथे मैदानी खेळांची स्पर्धा भरू लागली आणि जो कुणी जागतिक विक्रम करील त्याला फेरारी गाडी, असं बक्षीस लागलं. एवढ्या उंचीवर हवा विरळ. धावणाऱ्याला आणि उडी मारणाऱ्याला ती कमी अडवते. सर्गेई बुबकाने १९९४ साली बांबू उडीतला ६.१४ मीटरचा विक्रम इथेच केला. त्याच्याही आधी, १९९२ साली, अमेरिकेच्या माइक पॉवेलने इथल्या वाळूत ८.९९ मीटर लांब उडी मारली होती. वारा ४.४. म्हणजे दुपटीहून जास्त. टाळ्या वाजल्या, आकडा कंसातल्या शेऱ्यासकट कुठेतरी लिहिला गेला आणि पॉवेलचा तोक्योतला १९९१चा ८.९५ हाच विक्रम कायम राहिला.

अशा गावात १९९५च्या त्या शनिवारी क्यूबाचा इवान पेद्रोसो धावत आला. वय २२. उडी भरली ८.९६. यंत्राने वारा दाखवला १.२.

एक सेंटीमीटर. करंगळीच्या नखाच्या रुंदीएवढं अंतर. तेवढ्याने पॉवेल मागे पडला, जागतिक विक्रम क्यूबाचा झाला, आणि पुढचे काही दिवस तो क्यूबाचाच राहिला. मग कुणीतरी आकडे शेजारी-शेजारी मांडून पाहिले. त्या दिवशीच्या इतर बहुतेक उड्यांना वारा मर्यादेच्या बराच वर होता, आणि या एकाच उडीच्या वेळी तो एवढा शहाण्यासारखा कसा वागला? चित्रफीत तपासली गेली. यंत्रासमोर कुणीतरी उभं होतं. त्याच्या अंगाच्या आडोशाने वारा यंत्रापर्यंत पुरता पोचलाच नव्हता. इटलीच्या संघटनेने तो विक्रम मान्यतेसाठी पुढे पाठवलाच नाही. फेरारी राहून गेली, विक्रमही राहून गेला.

हा निर्णय चुकला असं मला कधी वाटलं नाही. आधी सांगून टाकतो, कारण अशा गोष्टी सांगताना खेळाडूची बाजू घ्यायचा मोह फार होतो. वारा मोजला गेला नाही तर तो दोनच्या आत होता असं धरून चालता येत नाही. इतर नोंदी पाहता तो आत असण्याची शक्यताही थोडीच होती. पण थोडी होती, शून्य नव्हती. वारा झुळकांनी येतो. मघाशी चारने वाहत होता म्हणून आत्ताही चारनेच वाहत असेल असं नाही. त्या पाच सेकंदांत आल्प्समधली हवा किती वेगाने चालली होती, हे आता कुणालाच कधी कळणार नाही, पेद्रोसोलाही नाही. उडी झाली, पाय वाळूत रुतले, पट्टी धरली गेली, सगळं शेकडो लोकांनी पाहिलं. तरी ती उडी किती मोठी होती ते ठाऊक नाही. मला तिथेच रेंगाळावंसं वाटतं.

पेद्रोसो हवानाचा, १७ डिसेंबर १९७२चा जन्म. तो विशीत आला तेव्हा त्याच्या देशाचे सर्वांत ओढग्रस्तीचे दिवस चालू होते. सोव्हिएत संघ कोसळला, तिकडून येणारं तेल थांबलं, आणि क्यूबाच्या सरकारने त्या टंचाईला ‘विशेष काळ’ असं गोंडस नाव दिलं. बसगाड्या बंद पडल्या, चीनहून सायकली आल्या, वीज तासन् तास जाऊ लागली. १९९४च्या उन्हाळ्यात हजारो माणसं ट्यूबा आणि फळकुटांचे तराफे करून फ्लोरिडाच्या दिशेने समुद्रात निघाली. आणि याच काळात या बेटावरून एकामागून एक उडीबहाद्दर बाहेर पडत होते. खाव्येर सोतोमायोरने १९९३ साली स्पेनच्या सालामांका शहरात उंच उडीत २.४५ मीटर ओलांडले. तो विक्रम आजवर कुणी हलवलेला नाही. त्याच सालामांकात दोन वर्षांनी, १८ जुलै १९९५ला, पेद्रोसोने ८.७१ मीटर लांब उडी मारली.

पोटाला चिमटा घेणाऱ्या देशात उडी इतकी का पिकावी? याला एक सरळ उत्तर आहे: क्रांतीनंतर क्यूबाने शाळकरी वयातच मुलं हेरून खेळांच्या निवासी शाळांत घालायची यंत्रणा उभी केली होती, आणि तेल संपलं तरी ती यंत्रणा आणि तिच्यातले प्रशिक्षक जागेवर होते. पेद्रोसोला घडवणारे मिलान मातोस अशांपैकी एक. उडीला साहित्यही फार लागत नाही. पट्टी, फळी, वाळू. घोडेस्वारी किंवा नौकानयनात गरीब देशाने नाव काढणं अवघड. वाळूत काढता येतं. तरी हे उत्तर मला पुरेसं वाटत नाही. पट्टी आणि वाळू अनेक गरीब देशांकडे असते. उडीकडे शास्त्र म्हणून पाहणारी, एका पावलाच्या लांबीवर महिनाभर वाद घालणारी माणसं असावी लागतात, आणि ती हवानात होती.

दिसायला पेद्रोसो काही पॉवेल किंवा कार्ल लुईससारखा नव्हता. ते दोघे सहा फुटांच्या वरचे, लांब टांगांचे. हा पावणेसहा फुटांचा, सडपातळ. गर्दीत शोधावा लागला असता. त्याच्यापाशी होता तो वेग आणि तो वेग फळीवर न सांडता वर नेण्याची कला. लांब उडी म्हणजे वेगाचं उंचीत रूपांतर, आणि त्यात गळती ठरलेली. चाळीस-पंचेचाळीस मीटर धावत येऊन जवळजवळ पूर्ण वेगात असताना माणूस शेवटून दुसरं पाऊल किंचित लांब टाकतो, कंबर खाली घेतो, मग शेवटचं पाऊल आखूड टाकून फळीवर पाय रोवतो. तो पाय फळीवर टिकतो सेकंदाच्या आठव्या हिश्श्याएवढा. तेवढ्या वेळात सगळं शरीर त्या एका घोट्यावरून, गुडघ्यावरून, मांडीवरून पलीकडे फेकायचं असतं. वजनाच्या कितीतरी पट भार त्या पायावर येतो. लांब उडीवाल्यांची कारकीर्द मांडीच्या मागच्या शिरेवर आणि टाचेवर तोलून असते, ती यामुळे.

हवेत गेल्यावर ते जी पावलं टाकतात, सायकल मारल्यासारखे पाय फिरवतात, त्याने ते पुढे जात नाहीत. जमीन सुटली की मार्ग ठरून गेलेला असतो. पुढे कोलमडू नये म्हणून ते पाय चालवतात. हे कळल्यावरही मला ती हवेतली चाल बघताना दर वेळी वाटतं की हा माणूस काहीतरी पायऱ्या चढतोय.

आमच्या शाळेच्या मागे लांब उडीचा खड्डा होता. वर्षभर त्यात गवत आणि मांजरं. क्रीडामहोत्सव जवळ आला की शिपायाकडून तो कुदळीने उकरून घ्यायचे, नदीची वाळू टाकायचे आणि चुन्याने रेघ मारायचे. पी.टी.चे सर रेघेशी उकिडवे बसत. मुलगा धावत येताना सरांची नजर त्याच्या तोंडाकडे कधीच नसे, फक्त रेघेवर. पायाचा अंगठा चुन्यात उमटला की ते एवढ्या जोरात “फाऊल!” म्हणत की हवेतल्या मुलाची अर्धी उडी तिथेच गळून पडे. वाऱ्याची चौकशी कुणी करत नसे. शेजारच्या मैदानावरून धुळीचा लोट उठला तर आम्ही डोळे चोळत थांबायचो, एवढंच. शाळेतल्या सर्वांत लांब उडी मारणाऱ्या मुलाची उडी किती होती ते मला आठवत नाही, पण ती मारताना त्याचा एक पाय अनवाणी होता हे आठवतं. फाऊल म्हणजे काय ते मला तेव्हा कळलं. उडी चांगली होती की वाईट याच्याशी त्याचा काही संबंध नव्हता. ती नव्हतीच, एवढंच सर सांगत.

आता मोठ्या मैदानांवर चुना नाही. २० सेंटिमीटर रुंदीची पांढरी फळी असते, आणि फळीच्या पुढच्या कडेशी प्लास्टिसिनची पट्टी वर्षानुवर्षं असे, की बुटाची खूण उमटली तर लपू नये. अलीकडे कॅमेरेही आले. २०२४ साली जागतिक संघटनेने एक सूचना पुढे आणली, की फळीच काढून टाकावी, उडी घेण्याचा एक पट्टा ठेवावा आणि पाय जिथून उचलला तिथूनच अंतर मोजावं. फुकट जाणाऱ्या उड्यांनी प्रेक्षक कंटाळतात म्हणे. कार्ल लुईसने या सूचनेला एप्रिल फूलचा विनोद म्हटलं. मी त्याच्या बाजूचा. वाळूत पोचायच्या आधी एका अरुंद फळीवर, पूर्ण वेगात, न बघता पाय पडला पाहिजे, ही अटच या खेळाची गंमत आहे. ती काढली तर ती नुसती ताकद मोजणं झालं.

तर सेस्त्रिएरेनंतर दोनच आठवड्यांनी स्वीडनमध्ये, योतेबॉर्गला, जागतिक स्पर्धा होती. समुद्रकाठचं शहर, विरळ हवेची सवलत नाही. त्या स्पर्धेत उड्यांचं जणू साथीसारखं काहीतरी पसरलं होतं. ब्रिटनच्या जोनाथन एडवर्ड्सने तिहेरी उडीत १८.२९ मीटर गाठले. युक्रेनच्या इनेस्सा क्रावेत्सने स्त्रियांच्या तिहेरी उडीत १५.५० मीटर. दोन्ही जागतिक विक्रम. आणि लांब उडीत पेद्रोसोने ८.७० मारली. दुसरा आलेला जमैकाचा जेम्स बेकफर्ड ८.३० वर, तिसरा माइक पॉवेल ८.२९ वर. पॉवेलशी पडलेला फरक या वेळी एक सेंटीमीटरचा नव्हता, ४१ सेंटिमीटरचा होता, आणि यंत्रासमोर कुणी उभं नव्हतं. सेस्त्रिएरेच्या उडीला नाकारणाऱ्यांना पेद्रोसोने दिलेलं उत्तर, असं या ८.७० बद्दल लिहिण्याची पद्धत आहे. मला त्यात उत्तर दिसत नाही. बावीस वर्षांचा मुलगा त्या उन्हाळ्यात कुठेही गेला असता तरी लांबच उडला असता, एवढंच दिसतं.

मग १९९७ अथेन्स, १९९९ सेविल, २००१ एडमंटन. लागोपाठ चार जागतिक अजिंक्यपदं. बंदिस्त मैदानांवरची पाच जागतिक अजिंक्यपदं वेगळी: टोरंटो, बार्सिलोना, पॅरिस, जपानमधलं माएबाशी, लिस्बन. बंदिस्त मैदानात वारा नसतो. १९९९ साली माएबाशीत त्याने ८.६२ मारली, स्पेनचा यागो लामेला ८.५६ पर्यंत त्याच्या मागे लागला होता. भिंती आणि छप्पर असलेल्या त्या जागेत कुणाला शंका घ्यायला जागाच नव्हती. पेद्रोसोची नऊपैकी पाच जागतिक सुवर्णपदकं अशी बिनवाऱ्याची आहेत, हे मला उगाच बरं वाटतं.

ऑलिंपिकने मात्र त्याला बराच काळ ताटकळत ठेवलं. बार्सिलोनात १९९२ साली तो १९ वर्षांचा होता आणि चौथा आला. १९९६च्या अटलांटात तो आजारी पायाने उतरला, दुखापतीतून उठून, आणि बारावा आला. ज्या माणसाने आदल्या वर्षी सगळ्यांना चाळीस सेंटिमीटर मागे टाकलं, त्याला अंतिम फेरीत पुढच्या तीन उड्या मारायला मिळाल्याच नाहीत. सोनं कार्ल लुईसने नेलं, त्याचं लांब उडीतलं चौथं. रौप्य बेकफर्डला. शेजारच्या बेटावरचा बेकफर्ड आणि पेद्रोसो यांची नावं निकालांच्या कागदावर वर्षानुवर्षं वरखाली दिसत राहतात. बेकफर्डची सर्वोत्तम ८.६२, पेद्रोसोची ८.७१. एका समुद्रात इतकी जवळ राहणारी दोन माणसं, एकाच वाळूत इतकी जवळ उतरणारी.

आणि मग सिडनी, २८ सप्टेंबर २०००. आपल्याकडे त्या ऑलिंपिकची आठवण म्हणजे कर्णम मल्लेश्वरीचं कांस्य. लांब उडीचा निकाल आपल्या वर्तमानपत्रांत कुठल्यातरी कोपऱ्यात आला असेल. मी ती स्पर्धा पाहिली फार पुढे, पुसट झालेल्या चित्रफितीवर, निकाल ठाऊक असताना. तरी छातीत धडधड झाली.

सिडनीच्या त्या प्रचंड स्टेडियममध्ये लाखभर माणसं होती आणि त्यांना एकच हवा होता: जय तौरिमा. केस वाढवलेला, सिगारेटी ओढणारा, खेळाडूंच्या पथ्यपाण्याची खुशाल टिंगल करणारा ऑस्ट्रेलियन. अशा माणसावर लोक लवकर जीव लावतात. तौरिमाने त्या रात्री आयुष्यात मारली नव्हती अशी उडी मारली, ८.४९. स्टेडियम वेडं झालं. पेद्रोसो तेव्हा मागे होता आणि त्याच्या हातात एक उडी उरली होती.

शेवटची उडी ही लांब उडीतली विचित्र चीज आहे. धावण्याच्या शर्यतीत मागे पडलेला माणूस शेजारच्याला बघून जोर करू शकतो. इथे शेजारी कुणी नसतं. आधीच्या पाच उड्यांनी पाय जड झालेले, मधल्या थांबण्यात अंग गार पडलेलं, आणि धावपट्टीच्या टोकाला एकट्याने उभं राहून ठरवायचं की आता. जास्त जोर लावला तर पावलं लांब पडतात, फळी ओलांडली जाते, लाल झेंडा. कमी लावला तर फळीआधीच पाय उचलला जातो आणि ते अंतर वाया, कारण मोजणी फळीपासून होते. म्हणजे जिवाचा आटापिटा करायचा, पण पावलांना तो कळू द्यायचा नाही. पेद्रोसोच्या त्या धावेत मला कसलीही घाई दिसत नाही. तो सराव करत असल्यासारखा येतो. फळी, हवा, वाळू. ८.५५.

सहा सेंटिमीटरने सोनं. त्या वेळी तो २७ वर्षांचा होता. वाळूतून उठून तो ज्या तऱ्हेने धावत सुटला, तो म्हणजे आपल्याकडे म्हणतात तसं वारा प्यायलेलं वासरू.

सेस्त्रिएरेच्या उडीपेक्षा ही उडी ४१ सेंटिमीटरने आखूड. कागदावर बघितलं तर कितीतरी लहान. पण ज्या रात्री ती हवी होती त्या रात्री ती पडली. पेद्रोसोला आयुष्यात कुठली एक उडी ठेवून घे म्हटलं असतं, तर त्याने सिडनीचीच ठेवली असती असं मला वाटतं. हा माझा अंदाज. त्याला कुणी विचारलं असेल तर त्याचं उत्तर वेगळंही असेल.

२००४च्या अथेन्सला तो सातवा आला आणि मग हळूहळू यादीतून उतरत गेला. अधिकृत वह्यांत त्याची सर्वोत्तम उडी म्हणून सालामांकाची ८.७१ लिहिली जाते. त्या उडीचा वारा होता १.९. दोन दशांश जास्त असता तर तीही गेली असती. बॉब बीमनची १९६८ची मेक्सिकोतली ८.९० मीटरची उडी, जिने आधीच्या विक्रमाच्या ५५ सेंटिमीटर पुढे पाऊल टाकलं, मोजायच्या यंत्राची झेप संपल्यामुळे जी शेवटी पोलादी टेपने मोजावी लागली, तिचा वारा होता बरोबर २.०. मर्यादेच्या रेघेवर. ती धरली गेली आणि २३ वर्षं जगाने ती उराशी धरली. आणि २०१८ साली स्टॉकहोममध्ये क्यूबाच्याच हुआन मिगेल एचेवार्रियाने ८.८३ मारली, पेद्रोसोनंतर क्यूबात असं काही दिसलं नव्हतं, वारा २.१. गेली. १.९, २.०, २.१. सेकंदाला दहा सेंटिमीटर हवा जास्त सरकते म्हणजे अंगावरच्या शर्टालाही ती कळत नाही. नियमाला कळते. कुठेतरी रेघ मारावी लागतेच, आणि रेघेच्या अलीकडे-पलीकडे असणारे नेहमी इतकेच जवळ असतात.

पेद्रोसोच्या गोष्टीचा दुसरा भाग स्पेनमध्ये घडतो, माद्रिदजवळच्या ग्वादालाहारा नावाच्या लहान शहरात. तो प्रशिक्षक झाला, आणि गंमत म्हणजे तिहेरी उडीवाल्यांचा. फ्रान्सच्या टेडी तामगोने २०१३ साली मॉस्कोत त्याच्या हाताखाली १८.०४ मीटर गाठले. तोवर १८ मीटर ओलांडणारी माणसं जगात दोनच होती. मग व्हेनेझुएलातून एक मुलगी आली. युलिमार रोहास. सहा फुटांच्याही वर उंची, लहानपण पत्र्याच्या घरात, आवड व्हॉलीबॉलची. पेद्रोसोचं नाव तिला फेसबुकने सुचवलं, ओळख काढावी अशा माणसांच्या यादीत. तिने धाडस करून त्याला लिहिलं, त्याने उत्तर दिलं, आणि ती सामान बांधून ग्वादालाहाराला आली. तिचा जन्म ऑक्टोबर १९९५चा. सेस्त्रिएरेच्या उडीला तेव्हा तीन महिनेही झाले नव्हते.

१ ऑगस्ट २०२१, तोक्यो. रोहासचं सुवर्ण आधीच ठरून गेलं होतं. एक उडी शिल्लक होती आणि ती मारली नसती तरी चाललं असतं. तिने मारली: १५.६७. क्रावेत्सने योतेबॉर्गला केलेला, पेद्रोसोच्या पहिल्या जागतिक सोन्याच्या स्पर्धेतला तो १५.५० चा विक्रम २६ वर्षांनी मोडला. वारा ०.७. विक्रम दुसऱ्याच दिवशी काय, पुढच्या कुठल्याही दिवशी कुणी काढून घेतला नाही. पुढच्या मार्चमध्ये बेलग्रेडला बंदिस्त मैदानात तिने स्वतःच तो १५.७४ वर नेला.

तोक्योतच दुसऱ्या दिवशी पुरुषांची लांब उडी होती. एचेवार्रिया ८.४१ वर पुढे होता. ग्रीसच्या मिल्तियादिस तेंतोग्लूने शेवटच्या उडीत ८.४१ची बरोबरी केली, आणि बरोबरी झाली की दुसरी सर्वोत्तम उडी पाहतात. ती तेंतोग्लूची जास्त होती. एचेवार्रियाची एक उडी बाकी होती. तो धावला, मांडीची शीर धरून थांबला आणि तिथेच पट्टीवर बसला. आजारी पायाची अटलांटा पेद्रोसोला पंचवीस वर्षांपूर्वी भेटली होती. या मुलाला ती सोन्याच्या तोंडाशी भेटली.

क्यूबाची ही विद्या आता बेटावर मावत नाही. २०२४च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये पुरुषांच्या तिहेरी उडीत पहिला आला जॉर्दान दियास, दुसरा पेद्रो पिचार्दो, तिसरा अँडी दियास. तिघेही क्यूबात जन्मलेले, क्यूबाच्या वाळूत शिकलेले. गळ्यात पदकं घालून उभे राहिले तेव्हा झेंडे वर गेले स्पेन, पोर्तुगाल आणि इटलीचे. जॉर्दान दियास पेद्रोसोचा शिष्य. हवानाहून निघून ग्वादालाहाराला आलेला. ज्यांनी देश सोडला त्यांच्याबद्दल क्यूबात काय बोललं जात असेल ते समजू शकतं, आणि त्यांनी तो का सोडला हेही समजू शकतं. मला त्या चौथऱ्याकडे पाहून फक्त एवढंच वाटलं, की तीन परक्या देशांच्या गणवेशांत एकाच शाळेचं वळण दिसत होतं. थोडं वळण आपल्याकडेही आलं आहे: तमिळनाडूच्या प्रवीण चित्रवेलने १७.३७ मीटरचा भारताचा राष्ट्रीय विक्रम मे २०२३ मध्ये केला तो हवानात, आणि त्याला शिकवणारे योआंद्री बेतान्सोस क्यूबाचे. त्या उडीचा वारा उणे १.५ होता. म्हणजे समोरून.

२०२२ची एक गोष्ट सांगायची राहिली. विक्रम हातात आल्यावर रोहासला लांब उडीही करून पाहायची होती, गुरूची उडी. स्पेनमध्ये एका स्पर्धेत तिने ६.९३ मीटर मारली आणि युजीनच्या जागतिक स्पर्धेत लांब उडीसाठी पात्र ठरली. ग्वादालाहारात आनंद झाला असणार. मग नियमांचं पुस्तक उघडलं गेलं. तिहेरी उडीच्या बुटाचा तळ तेव्हा २५ मिलिमीटरपर्यंत जाड चालत असे, लांब उडीच्या बुटाचा २० पर्यंतच, आणि त्या दिवशी तिच्या पायात तिहेरी उडीचे बूट होते. उडी रद्द. युजीनला ती एकाच प्रकारात उतरली, तिहेरी उडीत १५.४७ मारून जिंकली. तिथे ते बूट चालत होते.